आर्थर राजाचा कपडेपट

दरवर्षी पौष-माघाच्या सुमारास महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांची तयारी सुरू झाली म्हणजे, हौशी नाट्यमंडळांचे कपडेपट सांभाळण्यात ज्याच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली अशा माझ्यासारख्या माणसाकडे नाना प्रकारची मंडळी सल्लामसलतीसाठी येऊ लागतात. आणि जिरेटोप, पगड्या व मुकुट यांची चौकशी करणाऱ्या त्या गर्दीत एखादा तरी विद्यार्थी असा निघतोच की ज्याच्या वाट्याला इंग्रजी विभागाच्या एकांकिकेतील आर्थर राजाची भूमिका आलेली असते. विलायतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही पत्रे आताशा येतात, कारण तिकडच्या शाळांतून मार्च महिन्यात पुस्तकदिन साजरा होतो आणि त्या दिवशी मुलांनी आपल्या आवडत्या पुस्तकातील पात्राचा वेश घेऊन यावे असा शिरस्ता आहे. या सर्वांचा प्रश्न एकच असतो : आर्थर राजाने काय घालावे? माझे पहिले उत्तरही दरवेळी एकच असते, आणि ते उत्तर नसून उलट प्रश्न असतो : कोणत्या शतकातल्या आर्थरने?

हा प्रश्न टाळून पुढे गेल्यामुळेच बहुतेक वेश फसतात. ज्या काळात आर्थर होऊन गेला असे कथा सांगतात तो काळ इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांचा, रोमन फौजा ब्रिटनमधून निघून गेल्यानंतरच्या धामधुमीचा. परंतु त्याच्या बारा लढायांची जंत्री ज्या जुन्या लॅटिन बखरीत सापडते ती सन ८२९-३०च्या सुमाराची असून, त्या जंत्रीत त्याला राजाही म्हटलेले नाही, तर ब्रिटनांच्या राजांच्या बरोबरीने लढणारा युद्धनायक, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सरनौबत, असे म्हटले आहे. त्याचे राज्य, त्याची दिग्विजययात्रा आणि त्याचा दरबार यांची भव्य उभारणी केली ती जेफ्री ऑफ मॉनमथ या पंडिताने, सन ११३६च्या आसपास. गोलमेज आणले ते वास नावाच्या नॉर्मन कवीने, ११५५ साली. कॅमेलॉट हे राजधानीचे नाव प्रथम घेतले ते त्याच शतकात फ्रान्समधल्या क्रेतियाँ द त्र्वा याने. आणि आज सर्वतोमुखी असलेली संपूर्ण कथा एका सूत्रात गुंफली ती सर टॉमस मॅलरी याने १४६९-७० साली, जी पुढे विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापली. विंचेस्टरच्या किल्ल्यातील दिवाणखान्यात साडेपाच मीटर व्यासाचे एक ओकच्या लाकडाचे गोलमेज भिंतीवर टांगलेले आहे. मेज तेराव्या शतकातले, पण त्यावरील आर्थरचे चित्र आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत रंगवलेले, त्यामुळे मध्यभागी गुलाब आहे तो ट्यूडर घराण्याचा आणि सिंहासनस्थ आर्थरच्या चेहऱ्यात हेन्रीच डोकावतो. तिकडे इन्सब्रुकच्या चर्चमध्ये पीटर फिशरच्या कारखान्यात १५१३ साली ओतलेला आर्थरचा कांस्यपुतळा उभा आहे, तर त्याच्या अंगावर सोळाव्या शतकाच्या आरंभीचे नखशिखांत पोलादी बख्तर आहे.

या सगळ्यावरून ध्यानात यावे ते हे की आर्थरला स्वतःचा असा पोशाख नाही. ज्या पिढीने त्याला आपला म्हटले तिने त्याला आपल्या काळातल्या राजाचे कपडे चढवले. म्हणून खरा आर्थर शोधण्याच्या खटाटोपात न पडता, तुमच्या नाटकाचा किंवा पुस्तकाचा आर्थर ज्या दप्तरातून आला असेल ते दप्तर निश्चित करावे, आणि मग त्याच्याशी इमान राखावे. बाराव्या शतकाचे शिरस्त्राण, पंधराव्या शतकाचे बख्तर आणि दुकानात मिळणारा झगमगीत जांभळा झगा एकत्र केला, तर प्रत्येक जिन्नस आपापल्या जागी कितीही सुंदर असला तरी त्यांतून राजा उभा राहत नाही, सामानाची यादी उभी राहते.

पोलादी पत्र्याच्या बख्तराचा मोह तरुणांना फार. मी तो मोडून काढण्याचा प्रयत्न करतो. खरे पूर्ण बख्तर वीस-पंचवीस किलो वजनाचे असे, पण ते अंगाच्या मापाने घडवलेले आणि सांध्यासांध्यावर सरकणाऱ्या पट्ट्यांचे असल्यामुळे ते घालणारा वीर पळू शके, घोड्यावर चढू शके. आपण पत्रा कापून, रिबिटे ठोकून जे करतो त्यात ही करामत नसते. एका संमेलनात माझ्याच देखरेखीखाली असे एक पत्र्याचे बख्तर झाले होते. तालमीत नट केवळ उभाच राहिला होता, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. प्रत्यक्ष प्रयोगात सिंहासनावर बसण्याचा प्रसंग आला तेव्हा मांडीवरच्या पत्र्याची कड पोटात रुतू लागली, आणि त्या गुणी मुलाने साराच्या सारा दरबाराचा प्रवेश सिंहासनाच्या हाताला धरून उभ्याने केला. तेव्हापासून माझा नियम असा आहे की राजाचा कोणताही पोशाख प्रथम खुर्चीवर बसून पाहावा, मग चालून, आणि उभे राहून सर्वांत शेवटी.

माझी शिफारस आहे ती जेफ्रीच्या आर्थरची. एक तर बाराव्या शतकातला पोशाख कापड, सूत आणि कातडे यांतून साधतो, पत्र्याची गरज फारशी पडत नाही. आणि दुसरे म्हणजे, बाथजवळच्या लढाईपूर्वी राजाने शस्त्रे कशी धारण केली याचे वर्णन जेफ्रीने इतके तपशीलवार केले आहे की कपडेपट सांभाळणाऱ्याला ती जणू सनदच मिळते. राजाला शोभेलसे चिलखत. मस्तकावर सोन्याचे शिरस्त्राण, त्यावर अजगरासारख्या सपक्ष ड्रॅगनचा तुरा. खांद्यावर प्रिडवेन नावाची ढाल आणि तिच्यावर माता मेरीचे चित्र. कमरेला ॲव्हलॉन बेटावर घडवलेली कॅलिबर्न तलवार. हातात रॉन नावाचा रुंद पात्याचा लांब भाला. तलवारीचे हेच नाव पुढे बदलत बदलत एक्सकॅलिबर झाले.

आतून बाहेर या क्रमाने जाऊ. अंगालगत पांढरा, पातळ सुती सदरा असावा, लांब बाह्यांचा. त्यावर गुडघ्याखाली येणारा सैल अंगरखा. त्याचा घेर शिवताना आपल्या शिंप्याला कळ्या घाला एवढे सांगितले की पुरे, कारण त्या काळच्या युरोपीय अंगरख्यालाही कमरेखाली अशाच कळ्या असत. बाह्या मनगटाशी घट्ट असाव्यात आणि काखेत चौकोनी तुकडा जोडावा, म्हणजे तलवार उगारताना शिवण उसवत नाही. गुंड्या दिसू देऊ नयेत. गुंडी-काजाची तऱ्हा युरोपात नंतर रूढ झाली, तेव्हा गळ्याशी चीर ठेवून ती नाडीने किंवा लहानशा पदकाने बांधावी. मखमलही टाळावी. जाडसर लोकर किंवा लोकरीसारखी दिसणारी खादी उत्तम. रंग मंजिष्ठेचा तांबडा किंवा निळीचा गडद निळा. काठाला साधी जरीची पट्टी शोभते, परंतु तीवर कोयरी वा मोर असता कामा नये, कारण हौशीने लावलेल्या पैठणीच्या काठामुळे तोच राजा क्षणात पैठणच्या पेठेत येऊन उभा राहतो.

चिलखताखाली गादीसारखा जाड शिवलेला अंगरखा घालण्याची त्या योद्ध्यांची पद्धत होती, आणि इथे आपल्या घरातली विद्या कामी येते. जुन्या धोतरांचे किंवा लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून, जवळजवळ समांतर धावदोरे मारत गोधडी शिवणारी जी कोणी आजी, मावशी वा शेजारीण असेल तिला बाहीच्या आणि पाठीच्या कापडाचे तुकडे बेतून द्यावेत. तिने शिवलेले ते तुकडे जोडले की जो अंगरखा तयार होतो तो कोणत्याही विलायती कारागिराने मान्य करावा असा असतो. फक्त आपल्या हवेचा विचार करून थर तीनच्या वर जाऊ देऊ नयेत. दिव्यांच्या प्रकाशात तासभर उभे राहायचे असते, आणि घेरी आलेला राजा सावरणे कठीण असते.

आता चिलखत. लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेले खरे चिलखत दहा-बारा किलोंचे सहज भरे आणि ते करायला महिने लागत. रंगभूमीने व चित्रपटाने यावर फार पूर्वीच तोडगा काढला आहे, तो म्हणजे विणकामाचा. जाड सुती दोरी किंवा सुतळी आणि हाती मिळतील तितक्या जाड सुया घेऊन, सगळ्या ओळी सुलट टाक्यांनीच विणाव्यात. उलट टाका एकही नको. अशा विणीत उंच-सखल वळ्या उठतात आणि थोड्या अंतरावरून त्या कड्यांसारख्या दिसतात. विणून झाल्यावर तो सारा जिन्नस आधी काळ्या रंगात बुडवून पूर्ण वाळवावा, आणि मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने रुपेरी रंग केवळ वळ्यांच्या माथ्यावरून फिरवावा. खाचांत काळे राहिले पाहिजे. सगळीकडे रुपेरी फासले तर चिलखताचा स्वेटर होतो. मोठ्या माणसासाठी कोपरापर्यंत बाह्या आणि मांडीपर्यंत लांबी पुरे, आणि डोके-मान झाकणारी टोपी वेगळी विणावी. दोन विणणाऱ्या बसल्या तरी या कामाला तीन आठवडे धरून चालावे. घातल्यावर कमरेला रुंद कातडी पट्टा घट्ट आवळून चिलखत त्याच्यावर किंचित उचलून घ्यावे, म्हणजे खांद्यावरचा भार कमरेवर उतरतो. खरे योद्धेही हेच करीत.

शिरस्त्राण निमुळते, शंकूसारखे, आणि समोर नाकावर उतरणारी एक पट्टी, एवढेच त्या काळचे रूप. त्याचा पाया कागदाच्या लगद्याने एखाद्या तपेलीवर घडवता येतो. तुऱ्याचा ड्रॅगन मात्र विचारपूर्वक करावा. आर्थरचा पिता उथर याने आकाशात ड्रॅगनच्या आकाराचा तेजोगोल पाहिला, त्यावरून सोन्याचे दोन ड्रॅगन करविले, एक विंचेस्टरच्या चर्चला अर्पण केला आणि दुसरा रणांगणावर आपल्याबरोबर नेण्यासाठी ठेवला, अशी जेफ्रीची कथा आहे. म्हणजे मुलाच्या मस्तकावरचा तुरा ही शोभेची वस्तू नसून वडिलांचा वारसा आहे. चिनी उत्सवातला लांबलचक नागमोडी ड्रॅगन इथे उपयोगाचा नाही. पंख असलेला, मान वळवलेला, आखूड प्राणी हवा. तो हलका असावा आणि शिरस्त्राणाच्या मध्यावर तोलून बसवावा. दरबारच्या प्रवेशात शिरस्त्राण काढून मुकुट घालावा लागेल. तो पितळी पत्र्याचा उघडा, साधा वलयाकार असावा, वर कमळाकृती वा पर्णाकृती टोके असावीत. पुण्यात राहणाऱ्यांनी यासाठी तांबट आळीतल्या एखाद्या कारागिराला गाठावे. पितळेवर हातोडीचे जे बारीक ठसे उमटतात त्यांवर दिव्याचा उजेड असा काही खेळतो की तसा तो सोनेरी कागदावर कधीच खेळत नाही. माप देताना केसांचा टोप डोक्यावर चढवून मगच द्यावे.

ढाल लांबट, वरून गोलाकार आणि खाली निमुळती. उंची सुमारे एक मीटर. पातळ प्लायवूडवर कापड चिकटवून रंगवली तर पुरेशी हलकी होते. जेफ्रीप्रमाणे तीवर मेरीचे चित्र काढणार असाल तर ती पूज्य प्रतिमा आहे याचे भान ठेवून ढाल रंगमंचावर पालथी टाकू नये, पायाशी ठेवू नये. हे जमण्यासारखे नसेल तर निळ्या भूमीवर तीन सोनेरी मुकुट काढावेत. पुढच्या काळात आर्थरचे मानले गेलेले चिन्ह तेच, आणि सन १४००च्या सुमारास विणलेल्या, आज न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात असलेल्या नऊ वीरांच्या भित्तिवस्त्रात राजा ओळखू येतो तोही त्या तीन मुकुटांवरूनच. ज्यांच्यापाशी चिलखतासाठी वेळ नाही त्यांनी या भित्तिवस्त्रातला बैठा राजा करावा, असे मी आग्रहाने सांगेन. लांब झगा, अर्धवर्तुळाकार प्रावरण, मुकुट, दाढी आणि मुकुटांचे चिन्ह, एवढ्यावर वेश पूर्ण होतो. प्रावरणासाठी खांद्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर त्रिज्या धरून अर्धवर्तुळ कापावे. ते अंतर १३० सेंटीमीटर असेल तर २६० लांब व १३० रुंद कापड लागेल, आणि एवढा पन्हा न मिळाल्यास जोड पाठीच्या मध्यावर घ्यावा. बाराव्या शतकाच्या राजालाही हेच प्रावरण चालते, मात्र त्याचे पदक उजव्या खांद्यावर लावावे, म्हणजे तलवारीचा हात मोकळा राहतो. धनगरी घोंगडी या कामी फार चांगली. तिचा पडण्याचा डौल राजाला साजेसा असतो. विलायतेतल्या पालकांनी मार्चमधल्या पावसाची आठवण ठेवून प्रावरणाला आतून पाणी न शिरणारे अस्तर लावावे. १८३९ साली स्कॉटलंडात एग्लिंटनच्या उमरावाने मध्ययुगीन द्वंद्वांचा मोठा सोहळा मांडला, तेव्हा पहिल्याच दिवशी मुसळधार पावसाने त्या सगळ्या वैभवाचा चिखल केला होता. लहान मुलांना विणलेली टोपी, अंगरखा, प्रावरण आणि पुठ्ठ्याची ढाल पुरे. त्यांच्या अंगावर याहून अधिक काही लादू नये.

दाढीविषयी मतभेद होतात. जेफ्रीचा आर्थर राज्यावर बसतो तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा असतो, तेव्हा राज्याभिषेकाच्या प्रवेशात कोवळा, बिनदाढीचा चेहराच खरा. परंतु पुढे राजांच्या दाढ्यांचे प्रावरण करून पांघरणारा रिथो नावाचा राक्षस आर्थरची दाढी मागतो आणि त्यातून दोघांचे युद्ध जुंपते, म्हणजे तोवर ती मागण्याजोगी वाढलेली असणार. मॅलरीने या दोन्ही गोष्टींचा मेळ सुंदर घातला आहे : त्याचा तरुण राजा निरोप घेऊन आलेल्या जासुदाला सांगतो की माझी दाढी अजून तुझ्या धन्याच्या झालरीला पुरण्याइतकी मोठी नाही. यावरून रंगभूषाकाराने भूमिकेचे वय पाहून बेत करावा. क्रेपचे केस सरळ एका पट्टीत चिकटवू नयेत. हनुवटीखालून वर, थोडे थोडे, दोन छटांचे मिसळून लावावेत, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी गोंद हाताच्या कातडीवर लावून खाज येते का ते पाहावे.

तलवारीवर सगळेच परिश्रम घेतात, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. सरळ, दुधारी, रुंद पाते, मध्यावर पन्हळ, सरळ आडवी परज, मुठीच्या शेवटी चपटा गोल. पाते पाऊण मीटरच्या आसपास. लाकडाची, धार नसलेली, टोक बोथट केलेली असावी आणि रस्त्याने नेताना कापडात गुंडाळावी. माझे सारे सांगणे आहे ते म्यानाबद्दल. दगडातून उपसलेली तलवार पेलिनोर राजाशी लढताना मोडली, मग सरोवराच्या देवतेकडून आर्थरला एक्सकॅलिबर मिळाली. तेव्हा मर्लिन या जादूगाराने त्याला विचारले की तुला अधिक काय आवडले, तलवार की म्यान? राजाने तलवार म्हटल्यावर मर्लिनने त्याची चूक दाखवून दिली, कारण असल्या दहा तलवारींची किंमत त्या एका म्यानाला होती; ते कमरेला असेतो कितीही घाव बसले तरी राजाचे रक्त वाहणार नव्हते. पुढे मॉर्गन ल फे या त्याच्या सावत्र बहिणीने तेच म्यान चोरून सरोवरात फेकले, आणि आर्थरच्या अंताची वाट तिथून मोकळी झाली. इतकी मोठी गोष्ट ज्या वस्तूवर टांगलेली आहे ती वस्तू आमची मुले बाजारातल्या काळ्या रेक्झिनच्या नळीवर भागवतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. दोन पातळ लाकडी पट्ट्या आतून लोकरीचा पातळ कपडा लावून जोडाव्यात, बाहेरून तांबूस कातडे ओले करून ताणून शिवावे, तोंडाशी मोहनाळ आणि टोकाला तहनाळ पितळेची बसवावी, आणि कातड्यावर सोनेरी धाग्याने जे काही भरतकाम करायचे ते मन लावून करावे. आणि मॉर्गनच्या चोरीनंतरच्या सगळ्या प्रवेशांत राजाच्या कमरेला साधे, बिनभरताचे म्यान असावे. प्रेक्षकांपैकी ज्याला कथा ठाऊक असेल त्याच्या काळजाचा ठोका तेवढ्याने चुकेल.

शेवटच्या प्रवेशासाठी वेगळी तयारी लागते. घायाळ राजा बेडिव्हिअर या आपल्या सरदाराला तलवार पाण्यात टाकायला सांगतो, तो दोनदा ती लपवून परत येतो, आणि तिसऱ्या खेपेस टाकतो तेव्हा पाण्यातून एक हात वर येऊन ती झेलतो. सरोवर करायला पाणी लागत नाही. कॅमेरॉन नावाच्या छायाचित्रकर्त्रीने १८७४ साली टेनिसनच्या काव्यासाठी हाच राजा चित्रित केला तेव्हा बंदरावरच्या एका हमालाला तिने आर्थर केले आणि मलमलीच्या पडद्यांनी पाण्याचे काम भागवले. आपणही विंगेच्या तोंडाशी दोन पन्ह्यांची मलमल जमिनीलगत ताणून दोघांनी ती मंद हलवत ठेवावी. तिसऱ्या खेपेची तलवार ही वेगळी, हलक्या लाकडाची जोडतलवार असावी, आणि ती जिथे पडणार तिथे विंगेत एक जाड गोधडी धरून दोन मुले उभी करावीत, म्हणजे सरोवरात तलवार पडल्याचा खडखडाट होत नाही. वर येणाऱ्या हाताला टेनिसनने पांढऱ्या रेशमाची बाही दिली आहे. ती बाही खांद्यापर्यंत असावी, इस्त्री केलेली असावी, आणि तो हात जिचा असेल त्या मुलीने त्याआधी मनगटावरचे घड्याळ काढून रंगपटात कोणाकडे तरी ठेवायला द्यावे.